पत्ता कोठून मोजावयाचा?

पुण्याच्या जुन्या पेठांतून एखाद्या नवख्या माणसाला घर शोधावयाचें असलें म्हणजे त्याला दोन प्रकारचीं उत्तरें मिळतात. कोणी पेठेचें नांव, रस्त्याचें नांव, घराचा नंबर आणि मजला असा सगळा पत्ता एका दमांत सांगतो, तर कोणी नुसता हात दाखवून म्हणतो, "हा बोळ संपला कीं उजवीकडे वळा, देवळामागचा तिसरा वाडा." पहिलें उत्तर मुंबईहून पत्र पाठविणाऱ्यालाही उपयोगी पडतें. दुसरें उत्तर सोयीचें खरें. पण तें ज्या जागीं उभें राहून दिलें गेलें त्या जागेवरून चार पावलें हललें कीं त्याचा अर्थच पालटतो. शब्द तेच राहतात, वाडा मात्र भलताच लागतो.

संगणकावर चालणारा प्रोग्रॅम दर क्षणीं अशींच घरें शोधीत असतो. एखादी यादी वाचावयाची, एखादें चित्र दाखवावयाचें, एखादा हिशेब लिहून ठेवावयाचा, तर त्या त्या फाईलचा पत्ता त्याला द्यावा लागतो. या पत्त्याला संगणकाच्या व्यवहारांत 'पाथ' म्हणतात. प्रोग्रॅम लिहावयास शिकणाऱ्यांचे पहिले कांहीं दिवस जे निराशेंत जातात, त्यांचें कारण पुष्कळदां गणित किंवा तर्क नसून हा पाथच असतो. यंत्र सांगतें, "फाईल सांपडली नाहीं". आणि फाईल तर डोळ्यांसमोर दिसत असते. या कोड्याचा उलगडा एका लहानशा प्रश्नांत आहे: हा पत्ता कोठून मोजावयाचा?

फाईलींची मांडणी झाडासारखी असावी, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती कोणीतरी मुद्दाम योजिली असेल असें वाटतच नाहीं. १९६५ सालीं अमेरिकेंत आर. सी. डेली आणि पी. जी. न्यूमन या दोघांनीं मल्टिक्स नांवाच्या नियोजित संगणकव्यवस्थेविषयीं एक निबंध वाचकांपुढें ठेवला. एक मूळ फोल्डर, त्याच्या पोटांत दुसरे फोल्डर, त्यांच्या पोटांत आणखी फोल्डर आणि शेवटीं फाईली, अशी रचना त्यांत सांगितली होती. पुढें १९६९ मध्यें बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्सचा पाया घातला, आणि ही रचना तींत उतरली. मल्टिक्समध्यें फोल्डरांचीं नांवें वेगळीं दाखविण्यासाठीं '>' हें चिन्ह वापरीत. युनिक्सनें त्या जागीं '/' ही तिरकी रेघ आणली. आज लिनक्सवर चालणारे मोठमोठे संगणक, मॅक आणि बहुसंख्य लोकांच्या खिशांतील अँड्रॉइड फोन हे सर्व याच तिरक्या रेघेचे वारस आहेत.

आतां '/घर/चिटणीस/हिशेब/मार्च.यादी' हा पाथ पाहावा. त्यांतील तिरक्या रेघा सारख्याच दिसतात, पण त्यांचीं कामें दोन आहेत. मधल्या रेघा नुसतीं नांवें विलग करतात. आरंभींची रेघ मात्र झाडाच्या मुळाचें नांव आहे. ती सांगते कीं, शोध मुळापासून सुरू करावयाचा. प्रोग्रॅम कोठेंही उभा असो, त्याचा या पत्त्याशीं संबंध नाहीं. अशा पाथला निरपेक्ष पाथ म्हणतात. तीच पहिली रेघ काढून टाकली आणि नुसतें 'हिशेब/मार्च.यादी' असें लिहिलें, कीं तो सापेक्ष पाथ झाला. एका रेघेच्या अभावानें पत्त्याची जात बदलली.

सापेक्ष पाथ ज्या जागेपासून मोजला जातो त्या जागेला 'चालू फोल्डर' म्हणतात. प्रत्येक चालत्या प्रोग्रॅमला असा एक चालू फोल्डर असतो, आणि तो बहुधा ज्यानें त्याला सुरू केलें त्याच्याकडून मिळालेला असतो. तेथून वर चढावयाचें असेल तर दोन टिंबें लिहितात: '../पावत्या/मार्च.यादी' म्हणजे एक पायरी वर जा, तेथील 'पावत्या' फोल्डरांत शिर आणि मार्चची यादी घे. एकच टिंब लिहिलें तर त्याचा अर्थ 'ही उभी आहे तीच जागा'. मुळाशीं पोंचल्यावर आणखी दोन टिंबें दिलीं तरी युनिक्सच्या परंपरेंत मनुष्य मुळाशींच राहतो. जमिनीखालीं जावयास वाट नाहीं.

हा भेद कागदावर सोपा दिसतो. त्याची किंमत व्यवहारांत कळते. समजा, एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वयस्क चिटणीसांसाठीं त्यांच्या नातवानें एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. सभासदांनीं भरलेली मासिक वर्गणी 'जमा.यादी' या फाईलींत टिपावयाची, आणि महिनाअखेर ज्यांचें नांव तींत नसेल त्यांना थकबाकीचें पत्र काढावयाचें, एवढेंच त्याचें काम. नातवानें तो आपल्या घरीं लिहिला आणि पाथ दिला '/घर/नातू/संस्था/जमा.यादी'. त्याच्याकडे सर्व सुरळीत चाललें. संस्थेच्या कचेरींतील संगणकावर प्रोग्रॅम नेतांच तो अडला. कारण त्या यंत्रावर 'नातू' नांवाचा फोल्डरच नव्हता. निरपेक्ष पाथ हा त्या एका यंत्राच्या आंतच निरपेक्ष असतो. दुसऱ्या यंत्राचें झाड निराळें, त्याच्या शाखा निराळ्या. पहिल्या घरचा पत्ता तेथें निरर्थक ठरतो.

नातवानें तोड काढली. त्यानें सगळा लांबलचक पत्ता खोडून नुसतें 'जमा.यादी' एवढेंच ठेवलें. प्रोग्रॅम चालू लागला, चिटणीस संतुष्ट झाले. आणि खरा धोका येथेंच सुरू झाला. चिटणीस कधीं प्रोग्रॅमच्या फोल्डरांत जाऊन तो सुरू करीत, कधीं टर्मिनलमध्यें जेथें असतील तेथूनच त्याला हांक मारीत. दोन वेळीं चालू फोल्डर निराळे. वाचावयाची फाईल सांपडली नाहीं तर प्रोग्रॅम ओरडून तक्रार करतो. पण लिहावयाची फाईल सांपडली नाहीं तर बहुधा तो मुकाट्यानें नवी तयार करतो. अशा रीतीनें 'जमा.यादी' या एकाच नांवाच्या दोन फाईली दोन ठिकाणीं वाढूं लागल्या. कांहीं सभासदांची वर्गणी एकींत, कांहींची दुसरींत. महिनाअखेर पत्रें काढतांना प्रोग्रॅमनें त्या वेळच्या चालू फोल्डरांतील एकच यादी उघडली.

परिणाम असा कीं, ज्या बाईंनीं पहिल्या तारखेलाच जिना चढून वर्गणी आणून दिली, त्यांच्याच हातीं थकबाकीचें पत्र पडलें. त्यांनीं पावती जपून ठेवली असेल तर ठीक. नसेल तर त्यांच्या शब्दासमोर यंत्राचा शब्द उभा राहतो, आणि हल्लीं यंत्राच्या शब्दाला वजन अधिक. प्रोग्रॅमच्या हिशेबांत कोठेंही चूक नव्हती. बेरीज बरोबर, तपासणी बरोबर, छपाईही सुबक. चुकला होता तो फक्त पत्ता, आणि तोही शब्दांत नव्हे, तर मोजण्याच्या जागेंत.

यावरचा उपाय तिसऱ्या प्रकारच्या आधारांत आहे. झाडाचें मूळ हा एक आधार; चालू फोल्डर हा दुसरा. पण बहुतेक भाषांतून प्रोग्रॅमला "माझी स्वतःची फाईल कोठें ठेवलेली आहे?" असें विचारतां येतें, आणि उत्तर म्हणून मिळालेल्या फोल्डरापासून पुढचा पत्ता जोडतां येतो. मग प्रोग्रॅम कोणीही, कोठूनही सुरू करो. यादी एकच राहते. सबंध फोल्डर दुसऱ्या यंत्रावर नेला तरी प्रोग्रॅम आणि यादी यांचें परस्परांतील अंतर बदलत नाहीं. देवघर माजघराच्या उजवीकडे, हें जसें वाडा कोणत्याही पेठेंत असला तरी खरें राहतें, तसेंच हें. अनेक माणसें वापरीत असलेल्या मोठ्या प्रोग्रॅममध्यें माहिती प्रोग्रॅमजवळ न ठेवतां निराळ्या नेमलेल्या जागीं ठेवतात, आणि ती जागा एका मांडणीच्या फाईलींत एकदांच लिहून ठेवतात. तत्त्व तेंच: मोजण्याची जागा नशिबावर सोडावयाची नाहीं.

युनिक्सच्या घराण्यांत आणखी एक सोयीचा आधार आहे. पाथच्या आरंभीं '~' हें नागमोडी चिन्ह लिहिलें कीं त्याचा अर्थ 'वापरणाऱ्याचा स्वतःचा घरफोल्डर' असा होतो. परंतु हा अर्थ लावण्याचें काम शेल नांवाचा मध्यस्थ करतो; फाईलींची व्यवस्था पाहणाऱ्या गाभ्याला तें चिन्ह म्हणजे एक साधें अक्षर वाटतें. म्हणून प्रोग्रॅमच्या आंत '~/हिशेब' असें लिहिलें आणि त्याचा विस्तार करावयास सांगितलें नाहीं, तर कधीं कधीं खरोखरच '~' या नांवाचा एक नवा फोल्डर जन्मास येतो. तो नको म्हणून नवशिका माणूस टर्मिनलमध्यें तें नांव देऊन पुसून टाकण्याची आज्ञा करतो. आतां मात्र शेल मध्यें पडतो, त्या चिन्हाचा अर्थ 'घर' असा लावतो, आणि निरुपयोगी फोल्डराऐवजीं वर्षानुवर्षांचीं छायाचित्रें व कागदपत्रें नाहींशीं होतात. त्याच्या आधीं एक टिंब आणि एक तिरकी रेघ, म्हणजे './~' असें लिहिलें असतें, तर अर्थ 'येथला तो फोल्डर' एवढाच झाला असता. एका टिंबानें घर वांचतें.

विंडोजचें घराणें निराळें. तेथें झाड एक नसून अनेक आहेत, आणि प्रत्येकाला एक रोमन अक्षर दिलेलें असतें. पहिलीं दोन अक्षरें, ए आणि बी, फ्लॉपी तबकड्यांकडे गेलीं. म्हणून फ्लॉपी अंतर्धान पावल्यावरही संगणकांतील मुख्य साठा 'सी'च राहिला. १९८१ सालीं आयबीएमच्या घरगुती संगणकाबरोबर आलेल्या डॉसमध्यें फोल्डरांत फोल्डर ही सोयच नव्हती, आणि तिरकी रेघ आज्ञांना सूचना जोडण्यासाठीं आधींच खर्ची पडली होती. १९८३ मध्यें डॉसच्या दुसऱ्या आवृत्तींत झाडाची रचना आली तेव्हां ती रेघ मोकळी नसल्यामुळें तिची उलटी बहीण '\' वापरात आली. आजच्या विंडोजमध्यें प्रोग्रॅमांतून दिलेली सरळ तिरकी रेघही बहुधा चालते. पण उलट्या रेघेचा वारसा सुटलेला नाहीं.

त्या वारशाचे दोन कांटे लक्षांत ठेवावे. अनेक प्रोग्रॅमिंग भाषांत उलटी रेघ हें खुणेचें अक्षर असतें: तिच्यापुढें रोमन 'एन्' आलें तर त्या दोहोंचा मिळून अर्थ 'नवी ओळ' असा होतो. त्यामुळें त्या अक्षरानें सुरू होणारा फोल्डर पाथमध्यें आला कीं पत्त्याचे मधोमध दोन तुकडे पडतात. यासाठीं उलटी रेघ दोनदां लिहितात. किंवा त्याहून बरें म्हणजे, पाथ हातानें न जोडतां भाषेनें दिलेल्या साधनांकडून जोडून घेतात. पायथन भाषेंत २०१४ सालच्या ३.४ या आवृत्तीपासून 'पाथलिब' हें साधन याचसाठीं आहे. दुसरा कांटा असा कीं, 'सी:\हिशेब' आणि 'सी:हिशेब' हे दोन पाथ एक नव्हेत. पहिला सी या झाडाच्या मुळापासून मोजावयाचा. दुसरा त्या झाडावर प्रोग्रॅमचा जो चालू फोल्डर असेल तेथून. पुढें अक्षर दिसतें म्हणून पूर्ण वाटणारा तो पत्ता वस्तुतः सापेक्षच आहे. आणि आरंभीं दोन उलट्या रेघा असल्या, जसें '\\कचेरी\हिशेब\मार्च.यादी', तर शोध या यंत्रावर नसून जाळ्यांतील 'कचेरी' नांवाच्या दुसऱ्या यंत्रावर करावयाचा असतो.

वेबवरील पत्त्यांनींही हेंच व्याकरण उचललें. एखाद्या पानावर नुसतें 'चित्र' असा सापेक्ष पत्ता लिहिला, तर तो त्या पानाच्या पत्त्यापासून मोजतात. पानाचा पत्ता '/लेख/विज्ञान' असेल तर चित्र '/लेख/चित्र' येथें शोधलें जातें. आणि तोच पत्ता '/लेख/विज्ञान/' असा असेल तर '/लेख/विज्ञान/चित्र' येथें. शेवटच्या एका रेघेनें चित्र लाभतें किंवा हरवतें.

येथवर चुका भोळेपणाच्या होत्या. पण पत्ता परक्या माणसाकडून येत असेल तर तो मुद्दामही वांकडा असूं शकतो. एखाद्या संस्थेनें आपला 'परिपत्रकें' हा फोल्डर जगाला वाचावयास खुला केला आणि जो नांव सांगेल त्याला ती फाईल दिली, असें धरावें. कोणी '../../गुप्त/वेतन.यादी' असें नांव सांगितलें, तर दोन टिंबांच्या पायऱ्या चढून तो खुल्या फोल्डराच्या बाहेर निसटतो. दिवाणखान्यांत बसावयास दिलेल्या पाहुण्यानें मागल्या दारानें तिजोरीपर्यंत जावें, तसा हा प्रकार.

नुसतीं दोन टिंबें दिसतांच नकार द्यावा, हा उपाय पुरत नाहीं. वेबच्या पत्त्यांत टिंब हें टक्क्याचें चिन्ह आणि दोन अक्षरें अशा सांकेतिक रूपांतही लिहितां येतें. २०२१ च्या ऑक्टोबरांत अपाची या जगभर वापरल्या जाणाऱ्या वेब सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तींत नेमकें हेंच उघडकीस आलें. सांकेतिक टिंबें तपासणींतून निसटत, आणि जेथें बाहेरच्या फोल्डरांना निराळी बंदी घातलेली नव्हती तेथें नको त्या फाईली वाचतां येत. २.४.५० ही दुरुस्त आवृत्ती निघाली. तीही अपुरी ठरली, आणि कांहीं दिवसांच्या आंत २.४.५१ काढावी लागली. अनुभवी लोकांनीं असें कांहीं वर्षें काम केलेल्या प्रोग्रॅमची जर ही गोष्ट, तर नवशिक्यानें किती जपावें! योग्य क्रम असा: आधीं संकेत उलगडावे, टिंबें आणि जोडनांवें सोडवून पत्ता मुळापासून पूर्ण करावा, आणि मग तो खुल्या फोल्डराच्या आंत पडतो कीं नाहीं हें पाहावें. वाट कशी दिसते याला महत्त्व नाहीं. ती कोठें पोंचते हें पाहावयाचें.

शेवटीं एक गोष्ट खास मराठी घरांपुरती. इंग्रजी नांवांत लहान आणि मोठ्या लिपीचा घोटाळा असतो: लिनक्स त्या दोहोंना भिन्न मानतो, विंडोज सामान्यतः एकच मानतो. देवनागरींत लहान-मोठीं अक्षरें नाहींत, म्हणून मराठी माणूस निश्चिंत होऊं पाहील. पण आपल्या 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' या शब्दांतील अर्धा 'र' निराळेंच संकट आणतो. संगणकांत तो तीन प्रकारें लिहितां येतो: स्वतंत्र 'ऱ' या अक्षरानें, 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशा जोडीनें, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण यांनीं. पडद्यावर तिन्ही रूपें डोळ्यांना सारखींच दिसूं शकतात. लिनक्सला मात्र तीं तीन निराळीं नांवें. पहिल्या दोन रूपांचें ऐक्य युनिकोडच्या नियमानें साधतां येतें, तिसऱ्याचें त्या नियमानें साधत नाहीं. "फाईल समोर दिसते आणि यंत्र नाहीं म्हणतें" या कोड्याचें उत्तर कधीं कधीं येथें दडलेलें असतें. शिवाय लिनक्सवर एका नांवाला सामान्यतः २५५ बाइटांची मर्यादा असते, आणि प्रचलित यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतें. 'महाराष्ट्र' या एकाच शब्दाला काना आणि हलन्त धरून ३० बाइट लागतात. रोमन लिपींत २५५ अक्षरें मावतात तेथें मराठींत ८५ चिन्हांवर थांबावें लागतें.

नातवाच्या प्रोग्रॅमला दुरुस्त व्हावयास एका ओळीहून अधिक कांहीं लागलें नसतें. पण ती ओळ लिहिण्यापूर्वीं त्यानें तीन गोष्टी विचारावयास हव्या होत्या: हा पत्ता कोठून मोजला जाईल? यंत्र बदललें, किंवा सुरू करणारा माणूस बदलला, तर तीच जागा कायम राहील काय? आणि पत्त्याचा कांहीं भाग परक्याच्या हातून आला, तर तो कोठवर पोंचूं शकेल? हे प्रश्न विचारावयास संगणकशास्त्राचें पांडित्य लागत नाहीं. पत्र टपालांत टाकण्यापूर्वीं पाकिटावरील पत्ता पुन्हां एकदां वाचून पाहण्याची संवय असली म्हणजे पुरे. आणि ती संवय असती, तर त्या बाईंना पावती शोधीत कपाट उपसावें लागलें नसतें.